फ्रॅक्टल कला व थर-रचना

फ्रॅक्टल कला : गणिती सूत्राच्या पुनरावर्तनातून संगणकावर उमटणाऱ्या आकृती रंगवून व थरांच्या रूपात एकावर एक रचून चित्र साधण्याचा प्रकार. ‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये मोडलेला, भंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडविली.

या कलेतील सर्वांत परिचित आकृती म्हणजे मँडेलब्रॉट संच, झ² + क या सूत्रातून उमटणारी. ती प्रथम कोणी रेखाटली, याविषयी मतभेद आहेत. रॉबर्ट ब्रुक्स व पीटर मॅटेल्स्की या गणितज्ञांच्या निबंधात तारकाचिन्हांनी छापलेली तिची ओबडधोबड आवृत्ती आढळते. निबंध १९७८ च्या परिषदेतला, पण छापून आला १९८१ मध्ये. मधल्या काळात, १९८० मध्ये, मँडेलब्रॉट यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या यॉर्कटाउन हाइट्स (अमेरिका) येथील संशोधन केंद्रात ती संगणकावर काढली. प्रकाशनाचे वर्ष धरणारे मँडेलब्रॉट यांना अग्रमान देतात. रेखाटनाचाच विचार केला तर ब्रुक्स-मॅटेल्स्की यांचे पारडे जड वाटते. संचाला मँडेलब्रॉट यांचे नाव दिले ते आद्रियाँ दुआदी व जॉन हबर्ड या गणितज्ञांनी. मूळ गणित त्याहून जुने, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फातू व झ्यूलिया या फ्रेंच गणितज्ञांनी मांडलेले.

घरगुती संगणकावर हा छंद रुजविण्यात १९८८ च्या सुमारास आलेल्या ‘फ्रॅक्टिंट’ या मोफत प्रोग्रामचा वाटा मोठा. संथ यंत्रांवरही चालावे म्हणून त्यात पूर्णांकी आकडेमोड योजली होती. मात्र थर नव्हते. चित्रे वेगळी साठवून दुसऱ्या प्रोग्राममध्ये चढवावी लागत, आणि मग सूत्राशी नाते तुटे. फ्रेडरिक स्लाइकरमन यांच्या ‘अल्ट्रा फ्रॅक्टल’मध्ये प्रत्येक थर सूत्ररूपातच राहतो, म्हणून चित्र हव्या त्या आकारात पुन्हा गणता येते.

नवशिक्याने झ² + क या सूत्रापासूनच सुरुवात करावी. यात क म्हणजे चित्रातील बिंदू; झ शून्यापासून सुरू होतो आणि प्रत्येक फेरीत आलेले उत्तर पुन्हा झ म्हणून सूत्रात घालतात. सदसत् संख्या (वास्तव व काल्पनिक असे दोन भाग असलेली, म्हणून प्रतलावरील बिंदूने दाखविता येणारी संख्या) झ शून्यापासून दोनपेक्षा दूर गेली की बिंदू निसटला असे मानतात. किती फेऱ्यांत निसटला त्यावरून रंग ठरतो. फेऱ्यांची मर्यादा कमी ठेवल्यास काठावरची नक्षी बुजते आणि न निसटलेल्या बिंदूंचा काळा भाग सुजल्यासारखा दिसतो. ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

मग त्याच थराची प्रत काढून तिची रंगविण्याची रीत तेवढी बदलावी. वरचा थर खालच्यात मिसळण्याच्या रीतींपैकी ‘मल्टिप्लाय’मध्ये शून्य ते एक या मापातील तेजांचा गुणाकार होतो : ०.५ वर ०.५ ठेवल्यास ०.२५, म्हणजे चित्र गडद. ‘स्क्रीन’मध्ये उलट्या (एकातून वजा केलेल्या) तेजांचा गुणाकार एकातून वजा होतो व ०.७५ मिळते. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवरील उजळ रेषांना स्क्रीन सोयीची, छायेला मल्टिप्लाय. चित्र जवळून पाहताना सगळे थर एकत्र हलवले नाहीत, तर वरची नक्षी खालच्या काठापासून सरकते. पारदर्शकता कमीजास्त करून हा दोष झाकला जात नाही.

ज्वालासदृश फ्रॅक्टलांची पद्धत स्कॉट ड्रेव्ह्ज यांची, १९९२ च्या सुमाराची. ‘अपोफिसिस’ हा प्रोग्राम तिच्यावर आधारलेला आहे. मँडेलब्रॉट संचाच्या धर्तीवरील त्रिमितीय आकृती ‘मँडेलबल्ब’ २००९ ची.