पोलंडचे आर्थिक संक्रमण : कर, हस्तांतरणे आणि कौटुंबिक विषमता

नियोजित अर्थव्यवस्थेतून बाजारव्यवस्थेत जाताना पोलंडमधील कुटुंबांच्या उत्पन्नातली दरी किती रुंदावली, हे करांपेक्षा सरकारी हस्तांतरणांनी, म्हणजे निवृत्तिवेतन, अपंगत्ववेतन, बेकारी भत्ता व बालभत्ते यांनी, अधिक ठरवले.

अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा कार्यक्रम १ जानेवारी १९९० रोजी लागू झाला. बहुतेक किमती मुक्त झाल्या, कारखान्यांची अनुदाने आटली. ज्या देशात बेकारी कागदावरही नव्हती, तिथे १९९३ अखेर नोंदणीकृत बेकारी १६.४ टक्क्यांवर पोहोचली. पगारांतली तफावत झपाट्याने वाढली. घराच्या एकूण उत्पन्नातली विषमता मात्र सुरुवातीची काही वर्षे त्या वेगाने वाढली नाही. याचे श्रेय मुख्यतः पेन्शनला जाते. नोकरी गेलेल्या हजारो लोकांना मुदतीआधीची निवृत्ती किंवा अपंगत्ववेतन मिळाले आणि दशकाच्या मध्यास पेन्शनवरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्क्यांवर गेला. पोस्टमन पेन्शनची रोकड घरपोच आणून देई. कारखाना बंद पडलेल्या गावात आजीच्या त्या नोटांवर मुलगा, सून, नातवंडे अशा सगळ्यांचा महिना निघे. म्हणूनच इथे विषमता व्यक्तीची न मोजता घराची मोजावी लागते.

बेकारी भत्त्याला लोक श्रममंत्री यात्सेक कुरोन यांच्या नावावरून ‘कुरोन्युफ्का’ म्हणत. गरजूंना वाटल्या जाणाऱ्या सूपलाही तेच नाव पडले. पुढे भत्त्याच्या अटी कडक झाल्या.

१९९२ साली आलेल्या व्यक्तिगत आयकराचे दर २०, ३० व ४० टक्के होते, पण बहुसंख्य करदाते पहिल्याच टप्प्यात मोडत. त्यामुळे दरी बुजवण्यात त्याचा हातभार बेताचाच राहिला. १९९३ साली २२ टक्के मूल्यवर्धित कर आला. पेन्शनसह सामाजिक विम्यासाठी मालकाला पगारावर सुमारे ४५ टक्के वर्गणी भरावी लागे, त्यामुळे नवा माणूस नेमणे महाग होई. वृद्धांना सावरणारी ही व्यवस्था नोकरी शोधणाऱ्या तरुणांना महाग पडली, आणि हा तिचा सर्वांत गंभीर दोष होय.

तरीही शेजारच्या रशियाशी तुलना केली की तिचे मोल कळते : तिथे १९९० च्या दशकात पेन्शन महिनोन्‌महिने थकली आणि विषमता कितीतरी अधिक वाढली.

२००४ पासून व्यावसायिकांना सरसकट १९ टक्के कराचा पर्याय मिळाला, २००९ पासून आयकराचे दोनच टप्पे उरले. मुलांकडे सरकारचे मोठे लक्ष गेले ते २०१६ साली. दुसऱ्या मुलापासून दरमहा ५०० झ्वॉटी (पोलंडचे चलन), २०१९ पासून प्रत्येक मुलाला, २०२४ पासून ८०० झ्वॉटी.