ट्रायल आणि रजिस्ट्री: आमवाताच्या रुग्णापुढचे दोन कागद

माझ्या मावशीला अकरा वर्षांपासून आमवात आहे. गेल्या खेपेला तपासणीला गेली तेव्हा तिच्या हातात दोन संमतीपत्रं पडली: एक नव्या औषधाच्या ट्रायलचं, दुसरं रुग्णांच्या रजिस्ट्रीचं. घरी येऊन तिनं दोन्ही माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "दोन्हीकडे माझ्यावर प्रयोगच करणार ना रे?"

प्रयोग दोहोंपैकी एकातच आहे, ट्रायलमध्ये. तिथं कोणतं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि रुग्णही नाही. चिठ्ठी टाकावी तसं ते संगणक ठरवतो. आमवाताच्या बऱ्याच ट्रायलमध्ये मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध सगळ्यांचं चालू राहतं. जोडीला काहींना नवं औषध मिळतं, काहींना हुबेहूब दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. चिठ्ठीमुळे दोन्ही गट वयानं, आजाराच्या जोरानं, अगदी कुणी न मोजलेल्या गोष्टींतही साधारण सारखे होतात. मग पुढं जो फरक पडतो तो औषधाचा, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

रजिस्ट्री म्हणजे नोंदवही. औषध नेहमीच्या डॉक्टरांनी नेहमीसारखंच दिलेलं असतं. किती सांधे सुजले, औषध केव्हा बदललं, ॲडमिट व्हावं लागलं का, एवढं वर्षानुवर्षं लिहून ठेवतात. ब्रिटनमधल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची बायॉलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या, औषधांची रजिस्ट्री २००१ पासून चालू आहे. तिच्यात म्हातारी माणसं असतात, मधुमेही असतात, ट्रायलच्या दारातून परत पाठवले गेलेलेही असतात. पण एक अडचण मोठी. महागडं औषध बहुधा ज्यांचा आजार बळावला आहे त्यांनाच दिलं जातं, आणि त्यांना जंतुसंसर्ग तसाही जास्त होतो. मग दोष औषधाचा की आजाराचा? संख्याशास्त्रज्ञ ही गुंतागुंत सोडवायचा प्रयत्न करतात, पण जे वहीत लिहिलेलंच नाही त्याचा हिशेब त्यांनाही जमत नाही.

नोंदींचं मोल मला पटलं ते इन्फ्लिक्सिमॅब या सलाइनमधून द्यायच्या बायॉलॉजिक औषधामुळे. अमेरिकेत १९९९ साली आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली. मुख्य ट्रायलमध्ये रुग्ण होते ४२८. सांध्यांवरचा परिणाम सिद्ध करायला तेवढे पुरले. क्वचित होणारा दुष्परिणाम नीट दिसायला पुरले नाहीत. औषध लाखाहून अधिक लोकांपर्यंत पोचलं आणि डॉक्टर क्षयरोगाचे रुग्ण कळवू लागले. २००१ साली अशा ७० जणांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी सलाइन झाल्यावरच क्षय झाला होता. शरीरात निद्रिस्त क्षयजंतूंभोवती पेशींचं कडं असतं आणि ते टिकवायला टीएनएफ हे प्रथिन लागतं. औषध नेमकं त्यालाच अडवतं. स्पेनच्या 'बायोबादासेर' रजिस्ट्रीतही हाच धोका दिसला. तिथं २००२ मध्ये औषधाआधी क्षयाची तपासणी करायच्या सूचना निघाल्या आणि पुढच्या नोंदींत क्षयाचं प्रमाण ७८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. आपल्याकडे निद्रिस्त क्षय फार पसरलेला आहे. बायॉलॉजिक सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करायला सांगतात ती यासाठीच. ती टाळू नये.

उलटंही घडलं आहे. टोफॅसिटिनिब या गोळीबद्दल शंका होत्या, म्हणून अमेरिकी औषध प्रशासनानं मान्यतेनंतरही मोठी ट्रायल करायला लावली. पन्नाशी गाठलेले, हृदयरोगाचा निदान एक धोका असलेले ४३६२ रुग्ण घेतले. २०२२ साली निकाल छापून आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यू टोफॅसिटिनिबवर ३.४ टक्के जणांत, टीएनएफ रोखणाऱ्या औषधांवर २.५ टक्के जणांत. कर्करोग ४.२ विरुद्ध २.९. एवढा बारीक फरक चिठ्ठी न टाकता ठामपणे सांगणं अवघड होतं. मात्र हे आकडे त्या वयाच्या, त्या जोखमीच्या लोकांचे आहेत. तिशीतल्या निरोगी हृदयाच्या मुलीला ते जसेच्या तसे लागू करून घाबरवणं मला चुकीचं वाटतं.

नावामुळे आणखी एक घोळ होतो. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' ही २००७ पासूनची यादी संशोधनांची आहे, रुग्णांची नाही. ती कुणालाही फुकट पाहता येते. हातात ट्रायलचा कागद आला की आधी तिथं तिची नोंद शोधावी. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. रजिस्ट्रीच्या कागदावर प्रश्न वेगळा विचारायचा: माझं नाव कोणाकोणाला दिसणार?

त्याचं उत्तर मिळाल्यावर मावशीनं रजिस्ट्रीवर सही केली. ट्रायलचा कागद अजून तिच्या उशाशी आहे. मागच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: "औषध नसलेलं इंजेक्शन वाट्याला आलं आणि सांधे सुजले, तर किती आठवड्यांनी खरं औषध देणार?"