पोटाच्या पिसांत पाणी भरून नेणारी पखुर्डी

भिगवणला पक्षी बघायला येणारी बहुतेक मंडळी कुंभारगावला नाहीतर डिकसळला होडीत बसतात, रोहित पाहतात, मासळीचं जेवण करतात आणि परत फिरतात. दर वेळी वाटतं, त्यांना थांबवून सांगावं की कडबनवाडीचा माळ इथून फार लांब नाही. तो पाहिला नाही तर इंदापूर तालुका अर्धाच पाहिला.

भिगवणचं हे उजनी धरणाचं पाणी माणसाने अडवलेलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. हिवाळा सरतो तसं पाणी ओसरतं आणि काठचा गाळ उघडा पडतो. तिथे कोणाचं ताट कुठे, हे चोच ठरवते. टिलवे हे छोटे पक्षी वरवरचं टिपतात. मालगुजा हा लांब पायांचा पक्षी लांब चोच गाळात खोल खुपसतो. तिच्या टोकाशी दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म संवेदी पेशी असतात, त्यामुळे किडा दिसला नाही तरी जाणवतो. मग बाकीची चोच मिटलेलीच ठेवून तो वरच्या चोचीचं फक्त टोक उचलतो आणि किडा चिमटीत धरतो. रोहित मात्र मान खाली घालून चोच उलटी करतो, जिभेने पंपासारखं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांतून खाद्य गाळून घेतो.

माळावर असं एकदम काही दिसत नाही. तिथे बसावं लागतं. अर्ध्या तासाने समोरचं ढेकूळ चालायला लागतं आणि कळतं, तो धाविक पक्षी होता. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात आणि रात्री त्याच गवतात, जमिनीवर, थव्याने झोपतात. उपग्रह-टॅग लावलेले यांचे काही भाऊबंद उन्हाळ्यात थेट कझाकस्तानात पोचलेले नोंदले गेले आहेत.

पण माझा जीव जडलाय तो पखुर्डी या पक्ष्यावर. ही माळावरची, कोरडं बी खाऊन जगणारी, म्हणून तिला पाण्यावर जावंच लागतं. पिल्लांना तर उडताही येत नाही. मग त्यांचा बाप पाण्यात उभा राहून पोटाची पिसं भिजवतो आणि उडत पिल्लांकडे येतो. पिल्लं ती पिसं चोखून तहान भागवतात. या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात. भिजले की उलगडून ताठ उभे राहतात आणि त्यांच्या दाटीत पाणी अडकून राहतं. आफ्रिकेतल्या एका पखुर्डीचा नर असं सुमारे २५ मिलिलिटर पाणी वाहून नेऊ शकतो. पक्षी केवढासा, त्या मानाने हे ओझं मोठंच!

पाणवठा राहिला आणि माळ गेला, तर या बापाने पाणी न्यायचं कुठे? सरकारदरबारी अशा माळाला ‘पडीक’ म्हणतात. ‘इथे काहीच नाही’ असं समजून लोक चांगल्या मनानेच त्यावर खड्डे खणतात, झाडं लावतात. जंगल तुटून माळ झाला, हा समजही पक्का आहे. पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुनं मराठी साहित्य आणि लोकगीतं चाळून त्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले, तेव्हा बहुतेक उल्लेख मोकळ्या, गवताळ रानातल्या वनस्पतींचे निघाले. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला माळ निदान साडेसातशे वर्षांचा. उजनीच्या पाण्याला अजून पन्नासही झालेली नाहीत.

पुढच्या खेपेला होडीतून उतरलात की गाडी माळाकडे वळवा. गवतात शिरू नका, कडेलाच बसा. जमिनीवर अंडी असतात आणि ती मातीसारखीच दिसतात.