शेजारच्या मुलाला डोक्याइतकी किक, आमच्या मुलाला का नाही?

पालकहो, आणि नव्याने येणाऱ्या मोठ्या मंडळींनो,

नौपाड्यातल्या आमच्या कराटे-किकबॉक्सिंगच्या वर्गाच्या दारात हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतो. "सर, बाजूच्या पोराची किक डोक्यापर्यंत जाते, आमचा अजून पोटाशीच. फी तर तेवढीच भरतो ना?" प्रश्न रास्त आहे. पण चपलांच्या गर्दीत उभ्याउभ्या त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हा कागद.

पहिला महिना सगळ्यांना सारखाच: उभं राहणं, मूठ वळणं, पडणं, सरकणं. मग वाटा फुटतात. यात आमचं काही नवं नाही, कुस्तीच्या तालमीतले वस्ताद हेच करत आले. ठेंगण्या, चपळ पोराला खाली शिरून पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढून पाडायला शिकवायचं, लांब पायांच्या पोराकडून टांग घोटून घ्यायची. पोरगा बघून डाव द्यायचा.

आता किकबद्दल. उंच किक निव्वळ सरावाने येते, हे अर्धंच खरं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसतो. ती खोबण किती खोल आणि कुठे तोंड करून आहे, हे प्रत्येकाचं वेगळं. स्नायू ताणून सैल होतो, पण हाडाला हाड टेकलं की तिथे रस्ता संपला. ओळखायची खूण सोपी आहे. ताण मांडीच्या आत किंवा मागे जाणवला तर वाव आहे; जांघेच्या घडीत पुढून चिमटल्यासारखं झालं तर थांबायचं. अशा मुलाची मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, आम्ही छातीपर्यंतच ठेवतो आणि वाचलेला वेळ समोरच्या किकवर आणि हातांवर घालतो. घरी टीव्हीसमोर त्याचे पाय दाबून स्प्लिट करून घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

साधारण 10 ते 15 वयात उंची भराभर वाढते तेव्हा काहींचा गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखतो, कारण मांडीचा मोठा स्नायू तिथेच ओढत असतो. पोरगं नाटक करत नसतं. अशा वेळी उड्या, दोरी आणि खोल झेनकुत्सू दाची (पुढचा गुडघा वाकवून लांब पवित्र्यात उभं राहणं) कमी करतो, वर्ग बंद करत नाही. दुखणं टिकलं तर आधी डॉक्टर.

मुलांना आम्ही अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझिअर याची गोष्ट सांगतो. लहानपणी डुक्कर मागे लागलं, हा पडला, डावा हात दुखावला आणि पुढे कधी पुरता सरळ झालाच नाही. उंचीही हेवीवेटच्या मानाने बेताची, 6 फुटांच्या आत. लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत राहणाऱ्याचं हे शरीर नव्हे. पण कोपरात वाकलेला हात म्हणजे हुक, कोपर वाकवून बाजूने घालायचा ठोसा, अर्धा तयारच! डोकं हलवत, वाकून तो आत शिरायचा आणि जवळून डावा हुक घालायचा. 8 मार्च 1971 रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने आपल्याहून तीनेक इंच उंच मुहम्मद अलीला 15 व्या फेरीत त्याच हुकने खाली पाडलं आणि लढत गुणांवर जिंकली. पुढच्या दोन्ही लढती अलीने जिंकल्या, हेही सांगून टाकतो, नाहीतर एखादे जाणकार आजोबा आम्हाला पकडतात.

डावखुऱ्या मुलाला आम्ही स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीत, डाव्यांसारखंच, उजवा पाय पुढे ठेवून उभं करतो. काता, म्हणजे एकट्याने करायचा हालचालींचा ठरलेला क्रम, मात्र सगळ्यांचा एकच, त्यात उजवं-डावं बदलत नाही. हनुवटी खाली, हात वर, हेही कुणासाठी बदलत नाही. बेल्टच्या परीक्षेत किकची उंची मोजत नाही; तोल आणि मारून परत आलेला पाय बघतो.

चाळिशीपुढच्यांसाठी थोडं. व्हीटीहून तासभर लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाच्या पोटऱ्या आधीच दगड झालेल्या असतात. त्याला आल्याआल्या दोरीउड्या मारायला लावल्या तर टाचेमागची शीर धरते. त्यांची सुरुवात आम्ही पॅडवरच्या हळू ठोशांनी करतो. रक्तदाब असेल तर श्वास रोखून जोर लावणारे प्रकार गाळतो. लपवू नका, आम्ही हसणार नाही.

स्पर्धेसाठी मुलांचं वजन उतरवायला आम्ही सांगत नाही. जेवण तोडण्यापेक्षा वरच्या गटात खेळवू. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या बॉक्सिंगला सर्वांत खालचा गट 51 किलोचा होता; 48 किलोत जगज्जेती ठरलेली मेरी कोम त्यात उतरली आणि कांस्यपदक घेऊन आली. वरच्या गटात हात लांब असलेल्या मुली भेटतात, त्यामुळे पायांची हालचाल नव्याने बसवावी लागते. तो सराव आम्ही करून घेऊ.

नवीन आलेल्यांचे पहिले चार वर्ग आम्ही नुसतं बघतो. जुनी दुखापत, दमा, चष्म्याचा नंबर आधी सांगा. सैल ट्रॅक पँट, पाण्याची बाटली आणा. पावसाळ्यात एक कोरडा टॉवेलही, मॅट ओली झाली की सगळेच घसरतात. आणि हातापायांची नखं कापून या.