हाइड पार्कचा स्फोट आणि फुप्फुसातली जखम

20 जुलै 1982. सकाळी पावणेअकराच्या सुमारास ब्रिटिश लष्कराची घोडेस्वार तुकडी पहारा बदलण्यासाठी लंडनच्या हाइड पार्कमधून चालली होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीत खिळे भरलेला बॉम्ब फुटला. साधारण दोन तासांनी रीजंट्स पार्कमध्ये लष्करी बँड लोकांसमोर वाजवत असताना त्यांच्या मंचाखाली दुसरा स्फोट झाला. 11 सैनिक आणि 7 घोडे मृत्युमुखी पडले. उत्तर आयर्लंडला ब्रिटनपासून तोडण्यासाठी लढणाऱ्या प्रोव्हिजनल आयआरएचं हे कृत्य होतं.

स्फोट म्हटलं की आगीचा लोळ डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात जीव जातो तो बहुतेकदा उडणाऱ्या तुकड्यांनी किंवा दाबाच्या लाटेनं. खिळे, काचा, पत्रे लांबवर जातात आणि रक्तवाहिन्या फाडतात. सेफ्टन नावाच्या घोड्याला 34 जखमा झाल्या, मानेची मोठी नीलाही तुटली. एका सैनिकानं शर्टाचा बोळा मानेवर दाबून धरला, पुढे आठ तास शस्त्रक्रिया चालली, आणि तो घोडा पुन्हा कामावर रुजू झाला. वाहतं रक्त जागच्या जागी दाबून थांबवणं हा साधा उपाय आजही सर्वांत आधी करायचा असतो.

दाबाची लाट मात्र दिसत नाही. स्फोटकाचं क्षणार्धात तप्त वायूत रूपांतर होतं आणि भोवतालची हवा इतक्या जोरात रेटली जाते, की लाट ध्वनीपेक्षा वेगानं सुटते. नेहमीच्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश इतकी वाढ झाली तरी कानाचा पडदा फाटू शकतो. साधारण एक वातावरणाइतकी, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाएवढी, वाढ झाली, की फुप्फुसांना इजा होऊ लागते. मोकळ्या जागेत अंतर वाढेल तसा हा दाब झपाट्यानं ओसरतो. बंद जागेत तो भिंतींवर आपटून परततो आणि वाढतो. इस्रायलमधल्या हल्ल्यांचा 1996 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अंगावर काटा आणतो: उघड्यावरच्या स्फोटांत सापडलेल्यांपैकी सुमारे 8 टक्के बळी, बसमधल्या स्फोटांत 49 टक्के.

ही लाट नाकातोंडातून आत शिरते, की छातीवर आदळून? दुसऱ्या महायुद्धात सॉली झुकरमन या शास्त्रज्ञानं सशांवर प्रयोग करून याचा छडा लावला. रबरी स्पंजानं झाकलेल्या बाजूचं फुप्फुस पुष्कळसं वाचलं. म्हणजे घाव छातीच्या भिंतीवरूनच आत जात होता. जिथे हवा आणि ऊती एकमेकींना भिडतात तिथे ही लाट सर्वाधिक नासधूस करते, आणि फुप्फुसात तर असे कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेच्या चिमुकल्या पिशव्या, असतात. त्यांत रक्त उतरतं. अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसाला काही तासांनी धाप लागू शकते. कानाचे पडदे शाबूत म्हणजे फुप्फुसं ठीक, असा पूर्वी अंदाज बांधत. तो भरवशाचा नाही हे आता कळलं आहे. म्हणून स्फोटाजवळच्या माणसाला ‘काही लागलं नाही’ म्हणून लगेच घरी पाठवणं मला घातक वाटतं. कृत्रिम श्वासोच्छ्वासही जपून द्यावा लागतो, कारण जास्त दाबामुळे फाटक्या वायुकोशांतून हवा थेट रक्तात जाऊ शकते.

हाइड पार्कच्या दक्षिणेला असलेल्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 2011 पासून स्फोटातल्या इजांवर संशोधन करणारं केंद्र आहे. वाहनाखाली स्फोट झाला की पायाची हाडं नेमकी कशी मोडतात, याचा अभ्यास तिथे अभियंते आणि शल्यचिकित्सक मिळून करतात.