लकब वेगळी, स्वभाव वेगळा

डोनाल्ड डक का आवडतो असं विचारलं, की बरेच जण आधी त्याच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करून दाखवतात. (बहुतेकांना ती जमत नाही, ते सोडा.) पण आवाज ही झाली लकब. स्वभाव म्हणजे क्षुल्लक गोष्टीवरून भडकणं, तोंडावर आपटणं आणि तरीही हट्ट न सोडणं. पडद्यावर दोन्ही एकदमच दिसतात, त्यामुळे लोकप्रियतेचं सगळं श्रेय लकब लाटते.

लकबीमुळे पात्र चटकन ओळखू येतं. खेळण्यांवर आणि मीममध्ये तीच चालते. नव्या प्रसंगात ते पात्र कसं वागेल, हे मात्र स्वभावावरून कळतं. 1940च्या एका लघुपटात डोनाल्डला घडीची खुर्ची उघडायची असते. दुसरा कुणी ती बाजूला ठेवून गवतावर बसला असता. हा पठ्ठ्या खुर्चीशीच कुस्ती खेळतो. आवाज बंद करून पाहा, तरी हा डोनाल्डच आहे हे कळतं.

मिकी माउसचं उलटं झालं. 1928 मध्ये तो चांगलाच वांड होता, प्राण्यांना पिळून-बडवून वाद्यांसारखं वाजवायचा. पुढे मुलांचा लाडका झाल्यावर त्याला सभ्य करण्यात आलं. गोल कान राहिले, आवाजही राहिला, खोडसाळपणा तेवढा गेला. 1934 मध्ये आलेल्या डोनाल्डला मग रागवायची, चुकायची पूर्ण मोकळीक मिळाली, आणि पडद्यावरचा भाव तो खाऊन गेला. मिकीचं चिन्ह झालं. माझ्या मते चिन्हाला लोक ओळखतात, पण त्याचं पुढे काय होणार म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

याचा अर्थ पात्र दुर्गुणी हवं, असाही नाही. खेळण्यांवरच्या 'टॉय स्टोरी' या ॲनिमेशनपटाचा कच्चा भाग 1993 मध्ये डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवला, तेव्हा त्यातला नायक, काऊबॉय बाहुला वूडी, इतका खडूस होता की काम थांबवावं लागलं. त्यात तो बझला, म्हणजे घरात नव्याने आलेल्या अंतराळवीर खेळण्याला, मुद्दाम खिडकीबाहेर ढकलतो. 1995च्या चित्रपटात काऊबॉयचा थाट कायम आहे, मत्सरही कायम आहे. मात्र आता त्याला बझला फक्त टेबलामागे पाडायचं असतं, आणि डाव फसून बझ थेट खिडकीबाहेर जातो. मत्सर आपल्याला समजतो, म्हणून पुढे बझला परत आणायची वूडीची धडपड आपण त्याच्या बाजूने पाहतो.