वनविहारातला लाल गळ्याचा पाहुणा काश्मीरचा नव्हे

थंडी पडली, गड्ड्याच्या जत्रेची चाहूल लागली की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मजकूर फिरू लागतो: ‘संकटग्रस्त काश्मिरी माशीमार सिद्धेश्वर वनविहारात मुक्कामी!’ सोबत चिमणीहून लहान, लाल गळ्याच्या पक्ष्याचा फोटो. पक्षी खरा, फोटोही खरा. नाव तेवढं चुकीचं.

तो लाल छातीचा माशीमार. पूर्व युरोप ते मध्य आशिया या पट्ट्यात वीण करून तो हिवाळ्यात भारतभर पसरतो. बाभूळ, कडुनिंब, अगदी बंगल्यातलं आंब्याचं झाडही त्याला चालतं. शेपटी झटकन वर उडवली की तिच्या बुडाशी पांढरं दिसतं. नेमकी हीच खूण काश्मिरी माशीमारातही असल्यामुळे घोळ होतो.

शेपटी सोडा, छाती बघा. काश्मिरी नराचा तांबूस रंग गळ्यावर थांबत नाही. छातीवरून कुशीपर्यंत उतरतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळी किनार असते. आपल्याकडच्या नराला किनार नाही, लाली वरच्या छातीतच संपते. माद्यांना असा ठळक लाल रंग नसतो. निव्वळ मोबाइलच्या फोटोवरून त्यांचं बारसं करू नये.

काश्मिरी माशीमार वीण करतो वायव्य हिमालयातल्या पानझडी जंगलांत. ही जंगलं घटत चालल्यानेच तो संकटात आहे. हिवाळ्यात तो श्रीलंकेच्या डोंगराळ भागात आणि निलगिरीच्या आसपास उतरतो. सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर, त्यात कोरडं. इथे त्याने हिवाळाभर कशाला राहावं? श्रीलंकेत नुवारा एलियाच्या व्हिक्टोरिया पार्कात मात्र लोक त्याला बघायला मुद्दाम जातात.